मराठवाडा नेमका कसा आहे? तिथे लोक राहतात कसे?

प्रश्न विचारणाऱ्या ताई रत्नागिरीच्या आहेत. बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक बीड जिल्ह्यात, केजला. घरचे घाबरलेत. मराठवाडा इतका मागे का राहिला, तिथे पाणी तरी मिळतं का, लोक रोजचे दिवस काढतात कसे, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी केज तालुक्यातलाच. शिकलो अंबाजोगाईला, आणि गेली एकोणीस वर्षं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. रोज बघतो ते सांगतो.

तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे सातशेच्या आत-बाहेर. सह्याद्री ओलांडून इथवर येईपर्यंत ढगात फारसं काही उरत नाही. पण पाऊस कमी पडतो यापेक्षा तो वेळेवर पडत नाही, याचा त्रास जास्त. जूनमध्ये पेरणीपुरता येतो, मग वीस-वीस दिवस तोंड दाखवत नाही. याला आम्ही खंड म्हणतो. सोयाबीन फुलात असताना खंड पडला की शेंग भरत नाही, आणि काढून गंजी लावली की परतीचा पाऊस येऊन ती भिजवतो. २०२५ च्या सप्टेंबरात तर असा कोसळला की नदीकाठच्या रानांतली माती खरवडून गेली. त्यात खाली सगळा काळा पाषाण. पाणी साठतं ते त्याच्या भेगांत. भेग लागली तर नशीब, नाहीतर सहाशे फूट बोअर मारूनही नुसता फुफाटा निघतो. कर्ज मात्र पाणी लागो न लागो, फेडावंच लागतं.

जिल्ह्याचे दोन भाग डोक्यात ठेवा. गेवराई-माजलगावकडची गंगथडी, म्हणजे गोदावरीकाठ (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात). तिथे काळी कसदार जमीन, कापूस, ऊस. आणि वर बालाघाट: माळ, मुरूम, सीताफळाची झाडं. धारूरच्या घाटातून दिवाळीच्या आसपास जाल तेव्हा रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसतील. तिथलं सीताफळ नक्की घ्या. तुमचं केज मांजरा नदीच्या बाजूला. मांजरा धरण धनेगावला, आपल्याच तालुक्यात. २०१६ साली ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तेव्हा खोली भाड्याने बघताना बाकी काहीही नंतर, आधी बोअर आहे का आणि टाकी केवढी, ते विचारा. नळाला रोज पाणी येईल असं धरून चालू नका.

आता मागे का राहिला ते. पाऊस हे अर्धंच कारण आहे.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात फडक्यात गुंडाळलेला एक कागद, तीन पिढ्यांनी जपलेला. जमिनीचा आहे एवढंच माहीत, वाचता कुणालाच यायचा नाही, कारण तो उर्दूत. बांधाचा वाद निघाला तेव्हा मी तो घेऊन अंबाजोगाईला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी आधी हात धुतले, मग कागद उघडला. घडीवर तो इतका विरला होता की खाली वर्तमानपत्र सरकवून धरावा लागला. बोट ठेवून ठेवून वाचत ते मधेच थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, ये तो गहाण छूटने का कागज है." पणजोबांनी हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत, सावकाराचं देणं फेडून अडीच एकर सोडवलं होतं. आबा तो कागद उशाशी घेऊन झोपायचे. त्यात काय लिहिलंय हे न कळताच ते गेले.

मराठवाड्याचा इतिहास मला त्या कागदात दिसतो. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. जुनी माणसं अजून त्याला मोगलाई म्हणतात. घरात मराठी, पण कचेरी, कोर्ट, वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तेही उर्दू माध्यमाचं. कुणब्याच्या पोराला पुढे शिकायचं तरी परक्या भाषेतून. मग शिकणार किती आणि आपला कागद आपण वाचणार कसा? देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. मधल्या काळात रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, धुमाकूळ. माझी आजी सांगायची, ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, घालून वरून शेण सारवायचे, म्हणजे खाली धान्य आहे हे कळू नये. स्वामी रामानंद तीर्थांनी लढा उभा केला. ते आधी इथे शिक्षक होते, अंबाजोगाईच्या शाळेतही शिकवत, याचा मला शिक्षक म्हणून फार अभिमान वाटतो. आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यावर, कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांनी सोसलं, हेही याच इतिहासात आहे. ते लपवू नये.

पुढेही सगळं उशिराच आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये काढलं, विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. मुंबईचं विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे शंभर वर्षांचं अंतर. बीड शहराचं उदाहरण घ्या. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिदिनाच्या दिवशी. त्या दिवशी शाळेत झेंडावंदन करून मी मोबाइलवर मुलांना ती गाडी दाखवली. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी तोवर रेल्वे प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती.

रोजचं जगणं विचारलंत. डोंगरपट्ट्यात वर्षाचे दोन तुकडे पडतात: साखर कारखाना सुरू असतानाचे महिने आणि नसतानाचे. दसरा झाला की गावात ट्रक, ट्रॅक्टर यायला लागतात. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाने उन्हाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. ती मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, बोअरात संपलेलीही असते. आता ती फेडायला ऊस तोडायला जायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्यावर, माणसावर नाही. पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरायचं, नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या. आजारी पडून एक दिवस बसलं तर खाडा, त्याचे पैसे कापतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी सहज लिहू शकत नाही. त्यातल्या काही जणी माझ्या विद्यार्थ्यांच्या माया आहेत.

नोव्हेंबरात माझं हजेरीपत्रक बघा. चौथीच्या एकवीस नावांपैकी नऊ-दहांपुढे सलग 'गै' लागलेला असतो. उरतात ती आजीकडे राहिलेली. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ते वेळेवर सुरू होईल तेव्हा खरं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी जाताना ट्रॉलीतल्या संसारावर बसली होती. पेटी, तवा, पिठाचा डबा, शेळी, आणि तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. मी म्हटलं, पुस्तकं घेतलीस का? तिने पिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं. पिशवीत गुंडाळून पिठात खुपसली होती, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाणी गळतं म्हणून. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, तेव्हा ती परत आली. गणिताचं पुस्तक अजून पांढरं-पांढरं दिसायचं. पाढे मात्र तिला सगळ्यांत चांगले येत होते, कारण फडात मोळ्या मोजायचं काम तिच्याकडे होतं.

उचल म्हणजे व्याज न लिहिलेलं कर्जच आहे. बँकेत तुमच्यासमोर अशी माणसं येतील. अंगठा उठवताना त्यांचा हात थांबला तर जरा वेळ द्या, कागद वाचून दाखवा. इथल्या माणसाला न वाचलेल्या कागदाने फार नागवलंय.

बाकी घाबरायचं काही नाही. भाषा पहिले आठ दिवस वेगळी वाटेल. "काय करायलात?" म्हणजे काय करताय, एवढंच. तिखट जास्त, भाकरी ज्वारीची, जवसाची नाहीतर कारळाची चटणी असेल तर भाजी नसली तरी जेवण होतं. मासे मिळतील ते धरणाचे, तुमच्या चवीचे नाहीत. कुणाच्या घरी गेलात आणि चहा नको म्हणालात तर त्यांना वाईट वाटतं, अर्धा कप तरी घ्या.

आणि मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसेला, कुणीतरी तुम्हाला रानात बोलावेल. लातूर-धाराशिवकडचा हा मोठा सण, आमच्या बाजूलाही होतो. कडब्याची कोपी करतात, आत पूजा मांडतात, सगळ्या भाज्या नि बेसन घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील. त्या दिवशी तुमच्या बँकेत काउंटरवर फारसं कुणी येणार नाही. आमची कोपी रस्त्यालगतच्या मळ्यात असते. तोडीला गेलेल्या माणसांच्या वाटचं माझी आई एका वाटीत काढून ठेवते आणि संध्याकाळी ते शेजारच्या आजीकडे राहिलेल्या पोरांना देते. सुट्टी काढता आली तर या.