1600 मीटर धावल्यावर ऑक्सिमीटर 98 दाखवतो, तरी पाय का भरून येतात?

पोलीस भरतीची तयारी करताय, शेवटच्या चारशे मीटरला पाय उचलत नाहीत, पण ऑक्सिमीटर 98 दाखवतो, मग ऑक्सिजनचा स्प्रे घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. स्प्रेवर पैसे घालवू नका, भाऊ. मी नागपुरातच शरीरक्रियाशास्त्र शिकवते, मैदानावरची पोरंही मला हेच विचारतात.

98 म्हणजे रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन 98 टक्के भरलंय. कळमना बाजारातून निघालेले संत्र्यांचे ट्रक भरलेले आहेत, एवढंच. ट्रक किती आणि खेपा किती, हे त्या आकड्यात येतच नाही. ट्रक म्हणजे हिमोग्लोबिन आणि खेपा करवतं हृदय. स्प्रेनं भरलेल्या ट्रकमध्ये आणखी माल कुठे टाकणार?

1 ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिली ऑक्सिजन नेतं. हिमोग्लोबिन 15, म्हणजे 100 मिली रक्तात 15 ग्रॅम, असेल तर लिटरभर रक्तात 200 मिली, 9 असेल तर 120. सरावाला येणाऱ्या एका मुलीचं 9 निघालं होतं. तेव्हाही तिच्या बोटावरचं यंत्र 98च दाखवत होतं.

आता हृदय. बसल्या जागी ते मिनिटाला 5 लिटर रक्त फेकतं, जीव तोडून धावताना 20च्या आसपास. स्नायूंची मागणी मात्र याहून मोठी असते. 1985 साली अँडरसन आणि साल्टिन यांनी फक्त एका मांडीचा स्नायू राबवून मोजलं, तर किलोमागे मिनिटाला सुमारे अडीच लिटर रक्त त्यातून वाहत होतं. धावताना राबणाऱ्या दहा किलो स्नायूंनी तेवढंच मागितलं तर 25 लिटर लागतील! हृदय तेवढं देऊ शकत नाही. मग स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर फोडतात, आम्लता वाढते आणि पाय भरून येतात.

आपल्या उन्हाळ्यात तर घामानं रक्तातलं पाणी कमी होतं आणि अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडेही वळतं. म्हणून मे महिन्यात वेळ खराब आली तर निराश होऊ नका, आणि जोराचा सराव उजाडतानाच उरका.

तीन-चार मिनिटांचे जोरदार तुकडे, मध्ये हळू जॉगिंग, असं आठवड्यातून दोनदा करा. बाकी दिवस निवांत लांब धावा. हृदयाचा एकेक ठोका जास्त रक्त फेकू लागतो.

त्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टरांना विचारूनच लोहाच्या गोळ्या घ्या. विदर्भात सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण बरंच आहे, तेव्हा तीही तपासणी त्याच वेळी करा. वाहक असाल, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच हा दोष आला असेल, तर उन्हात पाण्याविना ताणून धावणं जिवावर बेतू शकतं.