शेतालगतच्या रस्त्यावर आणि शेतात लोक गाड्या लावतात, त्यांना अडवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेताला लागून जिल्हा परिषदेचा डांबरी रस्ता आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला येणारे लोक शनिवार-रविवारी बांधालगत गाड्या लावतात, काही जण थेट शेतात घालतात. ट्रॅक्टर आत न्यायला वाट राहत नाही. कडेला दगड टाकले तर चालेल का, आणि नाहीच ऐकलं तर पार्किंगचे पैसे घ्यावेत का?

महाराष्ट्रापुरतं सांगतो.

गाडीची चाकं कुणाच्या जमिनीवर उभी आहेत, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. आणि नेमकं तेच बहुतेकांना माहीत नसतं. डांबर संपलं की आपलं शेत सुरू, असं धरून माणसं भांडायला उभी राहतात. ग्रामीण मार्गाचं डांबर साधारण ३ ते ३.७५ मीटर रुंद असतं. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात (आयआरसी ७३, १९८०) सपाट मुलखातल्या ग्रामीण मार्गाला १२ मीटर, इतर जिल्हा मार्गाला १५ आणि प्रमुख जिल्हा मार्गाला २५ मीटर जमीन धरली आहे. रस्त्याची जमीन १२ मीटर असेल तर डांबराच्या दोन्ही अंगांना चारेक मीटर, साइडपट्टी आणि गटारासकट, रस्त्याचीच. मात्र तुमच्या रस्त्याला प्रत्यक्षात एवढी जमीन मिळाली असेलच असं नाही. मानकावरून अंदाज बांधता येतो, हक्क सांगता येत नाही.

म्हणून आधी कागद. गट नकाशा आणि सात-बारा काढा. सात-बारावर पोटखराब 'ब' (लागवडीखाली न धरलेलं) क्षेत्र दाखवलं असेल तर ते कशाचं आहे ते विचारा. रस्ता, पायवाट, ओढा यांखालची जमीन या वर्गात जाते. ती तुमच्या गटात मोजलेली असली तरी तिच्यावरून लोकांची वहिवाट आहे. उलटाही घोळ असतो. रस्त्यासाठी भूसंपादन झालं, निवाडा झाला, पण कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) झालंच नाही, त्यामुळे सात-बारावर जुनंच पूर्ण क्षेत्र दिसत राहतं. तिसरा प्रकार प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांवर दिसतो. त्या योजनेत जमीन घ्यायला पैसे नसतात. जुन्या गाडीवाटेवरच किंवा संमतीने मिळालेल्या जमिनीवर रस्ता होतो, आणि कागदावर नाव शेतकऱ्याचंच राहतं.

हे सोडवायला जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. 'रस्त्याची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. रस्त्याचा क्रमांक व दर्जा, तुमच्या गटासमोरच्या साखळीवर (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर) रस्त्याच्या ताब्यातली रुंदी, संपादन झालं असल्यास प्रकरण क्रमांक आणि निवाड्याची तारीख, एवढं नेमकं मागा. मग तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांत बांधकाम विभागाचं नाव घालायला विसरू नका. त्यांना नोटीस गेली नसेल तर पुढे ते मोजणीच मान्य करत नाहीत. मोजणीची 'क' प्रत (अर्जदाराला मिळणारा मोजणी नकाशा) हातात आली की रस्त्याच्या बाजूच्या खुणांवर दगड पक्के करून घ्या. इमारत रेषेचा गोंधळ मात्र करू नका. रस्त्याच्या मध्यापासून अमुक अंतरात बांधकाम करता येत नाही याचा अर्थ ती जमीन रस्त्याची झाली असा नाही.

आता गाडीकडे वळू.

गाडी साइडपट्टीवर आहे, वाट अडलेली नाही, तर मालक म्हणून तुम्हाला तिला हटवता येत नाही. ती जागा सार्वजनिक आहे. फक्त तुमच्या बांधासमोर आहे म्हणून ती तुमच्यासाठी राखीव होत नाही. वळणावर, पुलावर किंवा रहदारीला धोका होईल अशी उभी असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ लागतं, पण ती कारवाई पोलिसांची. कलम १२७ प्रमाणे धोकादायक उभी किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, खर्च गाडीमालकाचा.

गाडी फाटकासमोर असेल तर तुमची बाजू भक्कम. दुसऱ्याच्या जागेचं प्रवेशद्वार अडवून गाडी लावायला रहदारीच्या नियमांतच मनाई आहे. ११२ ला फोन करा आणि 'फाटक अडलंय, वाहन आत-बाहेर करता येत नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगा. 'पर्यटकांनी उच्छाद मांडलाय' एवढंच म्हटलं तर ती नुसती तक्रार उरते. फोटो दोन घ्या: एकात फाटक, गट क्रमांकाची पाटी आणि गाडी एकत्र, दुसऱ्यात नंबर प्लेट.

गाडी हद्दीच्या आत असेल तर तो सरळ तुमच्या ताब्याला अडथळा आहे. फौजदारीपात्र अतिक्रमण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, त्याला मात्र हेतू लागतो: गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. अजाणता गाडी घातली म्हणजे लगेच गुन्हा होत नाही. म्हणून आधी साक्षीदारासमोर स्पष्ट सांगा, शक्यतो व्हिडिओ चालू ठेवून. सांगूनही हटला नाही, वर शिवीगाळ केली, तर हेतू दिसायला लागतो. पीक तुडवलं असेल तर त्याच दिवशी तलाठ्याकडून किंवा पोलिसांकडून पंचनामा करून घ्या. रात्रीच्या एका सरीने चाकोऱ्या पुसल्या जातात आणि भाताची आडवी रोपं गुरांनी तुडवली की गाडीने, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

रोज तीच गाडी, म्हणजे शेजारच्या ढाब्याचा टेम्पो वगैरे, वाट अडवत असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ उपयोगी पडतं. शेताच्या वहिवाटीला किंवा वाटेला अडथळा आणू नये असा मनाई हुकूम तहसीलदार देऊ शकतो. अडथळा सुरू झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. रविवारच्या अनोळखी गाड्यांना याचा काही उपयोग नाही.

दगडांबद्दल: साइडपट्टीवर दगड, काटे, चर काहीही नको. अंधारात दुचाकी धडकली तर सगळं तुमच्यावर शेकेल, आणि रस्त्यावर अडथळा केल्याचं न्याय संहितेचं कलम २८५ तुम्हालाच लागेल. हवा सोडणं, साखळी लावून गाडी अडकवणं हेही नको. पहिल्यात नुकसानीचा आणि दुसऱ्यात गैरनिरोधाचा (बेकायदा अडवून ठेवल्याचा) आरोप ओढवून घ्याल. 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' अशा पाट्या लोक हौसेने लावतात. आपल्याच हस्ताक्षरात कबुलीजबाब लिहून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

हद्दीच्या आत मात्र हात मोकळा. खुणेपासून फूटभर आत दगडी किंवा सिमेंटचे खांब सव्वा ते दीड मीटरवर रोवा. कारची रुंदी साधारण १.७ मीटर, त्यामुळे ती आत शिरत नाही (दुचाकी शिरते, तिला तार लागते). खांब ५ फुटी असेल तर दीड फूट जमिनीत, आणि रस्त्याकडच्या अंगाला रिफ्लेक्टर. चर मारायचा तर बांधापासून किमान चराच्या खोलीइतका लांब. काळ्या जमिनीत कडा ढासळतात आणि बांधच चरात येतो. घायपात किंवा सागरगोट्याचं कुंपण स्वस्त पडतं, पण गाडी अडवण्याइतकं दाट व्हायला दोन-तीन पावसाळे जातात.

खरा बदल फाटकात करा. हद्दीवरच फाटक असलं की ते उघडेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर उभी राहते. फाटक ८-९ मीटर आत घ्या आणि तोंड नरसाळ्यासारखं रुंद ठेवा. ट्रॉलीची मागची चाकं वळताना आत कापतात, त्यामुळे फाटकालगत लावलेली एक कारही वळण बंद करते. गटारावर पाइप टाकायचा असेल तर बांधकाम विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर पाणी तुंबल्यावर तोच पाइप अतिक्रमण ठरतो.

'नो पार्किंग'ची पाटी स्वतः रस्त्यावर रोवून उपयोग नाही. रहदारीची चिन्हं सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणाच लावते. ग्रामसभेचा ठराव घ्या: फाटकाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक मीटर मनाई, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे गाड्यांसाठी दुसरी जागा निश्चित करावी. दुसरी जागा मागितली नाही तर ठराव बहुधा पडून राहतो, कारण त्या गाड्या कुठे जाणार हे साहेबांनाही सांगावं लागतं. ठराव जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दोघांना पाठवा, उन्हाळ्यातच. धबधबा सुरू झाल्यावर पाठवलेला ठराव पुढच्या वर्षी कामाला येतो.

पैसे साइडपट्टीवर घेऊ नका, कोणत्याही कारणाने. जागा तुमची नाही आणि तक्रार झाली तर प्रकरण खंडणीपर्यंत ताणलं जाऊ शकतं. स्वतःच्या जमिनीवर घेता येतात, पण शेतजमिनीचा अकृषिक वापर हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या. शेजारच्या एखाद्याला तुमच्या जागेत गाडी लावू द्यायची असेल तर तोंडी 'लाव रे' म्हणू नका. वर्षाची मुदत घालून, परवानगी कधीही काढून घेता येईल असं लिहून सही घ्या. सुविधाधिकार कायदा १८८२ प्रमाणे २० वर्षं हक्काने, उघडपणे, अखंड केलेल्या वापरावरून दावा उभा राहतो. परवानगीने केलेला वापर हक्काचा धरला जात नाही.