आधी ॲपला तुझी आवड कळू दे

भावा, पहिल्याच आठवड्यात 'नवीन काहीच सुचवत नाही' म्हणून वैतागू नकोस. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर सध्या एवढंच कर:

– आवडलेलं गाणं सेव्ह कर. नाही पटलं तर लगेच पुढं जा.

– पोरांची बडबडगीतं तुझ्या अकाउंटवर नकोत. बहुतेकांचं इथंच बिघडतं. लावावीच लागली तर आधी प्रायव्हेट सेशन (त्यात ऐकलेलं ॲप सहसा तुझी आवड म्हणून धरत नाही) चालू कर, नाहीतर सोमवारच्या 'डिस्कव्हर वीकली'त, म्हणजे ॲप तुला सुचवतं त्या गाण्यांच्या यादीत, माकडं नि मांजरंच येतील.

– एक कलाकार धर, त्याचा 'रेडिओ' (त्याची नि त्याच्यासारख्यांची गाणी ॲप आपणहून लावतं ती यादी) लाव. आपण सांगलीकर, मिरज शेजारीच; मग मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँ यांच्यापासूनच सुरू कर की! ते 1937 साली गेले, त्यामुळे ध्वनिमुद्रणं खरखरतात, तेवढं सोस. त्या घराण्याचे पुढचे गायक तिथूनच सापडतील.

इक्वलायझर, महागडे हेडफोन नंतर बघू.