जॉनी बेंचचा उजवा हात

प्रिय कॅचर,

बेसबॉलमधला गाजलेला कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला बॉल पकडणारा, जॉनी बेंच याच्यापासून काय शिकायचं, असं विचारलं आहेस. त्याचे ३८९ होम रन तूर्त बाजूला ठेव. त्याच्या सिनसिनाटी रेड्स संघाच्या जुन्या चित्रफिती लाव आणि त्याचा उजवा हात शोध. बेसवर (धावताना थांबायच्या जागेवर) रनर, म्हणजे धावायला टपलेला खेळाडू, नसताना बॉल येतो तेव्हा तो हात दिसतच नाही, कारण तो पाठीमागे असतो.

त्याआधी बहुतेक कॅचर जाड, गोल मिट (कॅचरचा ग्लोव्ह) वापरत. बॉल त्यातून उसळायचा, म्हणून दुसरा हात लावावाच लागे आणि फाउल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेला बॉल, लागून बोटं मोडत. बेंचनेही सुरुवातीच्या काळात अंगठा मोडून घेतला होता. मग मधोमध मिटणाऱ्या मिटने तो एका हाताने पकडू लागला. शिकागो कब्ज संघाचा रँडी हंडलीही असाच पकडायचा, पण ही पद्धत घरोघरी पोचली ती बेंचमुळे. १९६८ ते १९७७ क्षेत्ररक्षणाचे सलग दहा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्यानेच घेतले!

तू असं कर. रनर नसेल तर उजवा हात घोट्यामागे. रनर असेल तर मिटच्या मागे: मूठ सैल, अंगठा बोटांच्या आत, आणि बॉल मिटमध्ये थांबेपर्यंत मूठ उघडायची नाही. स्टीलची, म्हणजे पुढचा बेस चोरायला पळणाऱ्या रनरला बाद करायची, घाई डोक्यात असली की हात आधीच पुढे जातो आणि बोटं मोडतात ती तिथेच.

होमप्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथल्या पाटीपासून) सेकंड बेस १२७ फूट ३ इंचांवर आहे. ओक्लाहोमातल्या बिंगर गावी बेंचचे वडील त्याच्याकडून बसल्या जागेवरून २५४ फूट थ्रो करून घेत. तू ते करू नकोस, खांदा जाईल. मोठ्या लीगमध्ये बॉल मिटमध्ये पडल्यापासून सेकंडला पोचायला साधारण दोन सेकंद लागतात. नवख्यांचा वेळ हातात नाही, पायांत जातो: ते आधी ताठ उभे राहतात. तू खालीच राहा, उजवा पाय पुढे घे, डावा खांदा सेकंडकडे वळव, बोटं शिवणीवर आडवी धर. कोपर खांद्याखाली गेलं तर बॉल फर्स्ट बेसच्या बाजूला वळतो.

टप्पा पडणारा बॉल पकडायला जाऊ नकोस, अडव. आधी मिट गुडघ्यांमधल्या फटीत, मग हनुवटी छातीला, खांदे पुढे. तोंड फिरवलंस तर मान उघडी पडते.

आणि गुडघे जप. बेंचने १९६८ पासून सलग १३ मोसम दरवर्षी किमान १०० सामने प्लेटमागे काढले. शेवटची तीन वर्षं तो बहुतेक फर्स्ट आणि थर्ड बेसवर खेळला, आणि १९८३ मध्ये ३५ व्या वर्षी थांबला. म्हणून पिचर हात गरम करत असताना सुरुवातीचे बॉल उभ्यानेच घे.

या आठवड्यात टेनिस बॉल घे. वीस फुटांवरून कुणाला तरी टाकायला सांग, रोज २५. उजवा हात मागे, आणि नुसत्या डाव्या हाताने पकड.