झेरॉक्सच्या दुकानात उघडे राहिलेले ईमेल आपोआप लॉगआउट होते का?

आपण लिहिले आहे की, ठाणे स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढण्यासाठी आपण जीमेल उघडले आणि गाडी गाठण्याच्या घाईत नुसता टॅब बंद करून निघालात. तर बँकेच्या साइटप्रमाणे तेही थोड्या वेळाने आपोआप बंद झाले असेल का, आणि नसेल तर जबाबदारी कोणाची?

बंद झाले नसण्याचीच शक्यता अधिक आहे. टॅब मिटला तरी लॉगइनची खूण कुकीच्या, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीच्या रूपाने तिथेच शिल्लक राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने जीमेलचा पत्ता टाकला की आपला इनबॉक्स त्याच्यासमोर उघडतो. नौपाड्यातल्या अशाच एका दुकानात मी विजेचे बिल छापायला बसले असता एका अनोळखी गृहस्थांचा इनबॉक्स समोर आला होता. मी त्यांचे खाते लॉगआउट केले खरे, पण माझ्याआधी त्या खुर्चीवर कितीजण बसून गेले होते, हे त्यांना कधीच कळणार नाही.

बँकेच्या आपोआप लॉगआउटवरही मी फारशी विसंबत नाही. ती मोजणी मुख्यतः निष्क्रियतेची असते: काही मिनिटे कोणी काहीच केले नाही, तर खाते बंद होते, मात्र आपल्या जागी येऊन बसलेल्याने एक क्लिक केली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. थोडक्यात, ही सोय रिकाम्या खुर्चीची राखण करते, भरलेल्या खुर्चीची नाही. शिवाय इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक ईमेलवरच येत असल्याने, उघडे राहिलेले ईमेल हा मला अधिक मोठा धोका वाटतो.

बँक खात्यातून परस्पर पैसे गेले, तर जबाबदारी कोणाची याविषयी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची भूमिका अशी की, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून त्या व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, आणि त्यानंतरचे बँकेचे. उघडे सोडलेले खाते निष्काळजीपणात मोडते की नाही, यावर वाद घालता येईल, पण तो पैसे गेल्यावर घालावा लागेल.

तेव्हा आत्ताच मोबाइलवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातील डिव्हाइसची यादी उघडून तो संगणक तिथून साइन आउट करावा आणि मग पासवर्ड बदलावा. त्या दुकानात व्हॉट्सॲप वेब जोडले असेल, तर तेही जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीतून काढावे. पैसे गेल्याचे दिसलेच, तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. आणि पुढच्या वेळी प्रत हवी असेल, तेव्हा शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले (बाकीचे अंक झाकलेले) आधार ते देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून घरीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर न्यावे.