चिठ्ठी पोचवायचं काम कुणाचं?

ताई, नमस्कार.
आम्ही सिडकोत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, अनुदानित शाळेत चौथीला आहे. अंगणवाडीत होता तेव्हा एक तक्रार नव्हती. आता शाळेच्या बाई म्हणतात, वर्गात लक्ष नसतं, सारखा खिडकीबाहेर बघतो, वाचताना अडखळतो. क्लासच्या मॅडम म्हणतात, डोकं चांगलं आहे पण आळशी आहे. बालरोगतज्ज्ञांनी डोळे-कान तपासायला सांगितले, ते ठीक निघाले. मग एका समुपदेशक मॅडमकडे न्यायला लागले. त्या म्हणतात रागावू नका, कौतुक करा. दुपारी तो सासूबाईंजवळ असतो, त्या म्हणतात कौतुकानेच वाया चाललाय. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. त्यांना काही विचारलं की ‘तूच बघ.’ मागच्या आठवड्यात बाईंनी त्याच्याजवळ दिलेली चिठ्ठी दोन दिवसांनी दप्तराच्या तळाशी सापडली. माझा हात उठला. आता तो खोटंही बोलायला लागलाय. समुपदेशक मॅडमनी शाळेत द्यायला एक कागद दिला होता, तोही त्याने दिला की नाही कोण जाणे. मी सगळीकडे एकटीच पळते. कुणाचं ऐकू? गंगापूर रोडला एक चांगल्या समुपदेशक आहेत म्हणे, त्यांच्याकडे नेऊ का?
– एक आई, नाशिक

गंगापूर रोडला नेऊ नका. निदान एवढ्यात नको. आधी त्या कागदाचं बघू.

पैसे मोजून, हातातलं काम सोडून, मुलाला घेऊन तुम्ही समुपदेशकांकडे जाता. त्या त्याच्याशी बोलतात, खेळतात आणि शाळेसाठी चार ओळी लिहून देतात. अशा कागदात सहसा काय असतं ते सांगते. याला पुढच्या बाकावर बसवा. फळ्यावरचं उतरवायला थोडा जास्त वेळ द्या. सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका. साध्या गोष्टी असतात, पण त्या कळल्या तर उद्यापासून वर्गात फरक पडू शकतो. हा कागद तुम्ही नऊ वर्षांच्या पोराच्या हातात दिलात आणि पुढे त्याचं काय झालं हे तुम्हाला माहीत नाही. ‘कोण जाणे’ म्हणून तुम्ही पुढच्या वाक्याकडे निघून गेलात. ते जाणणं तुमचं काम होतं, बाई.

आता तुमचंच पत्र परत वाचा. बाईंची चिठ्ठी त्याच्याजवळ. समुपदेशकांचा कागद त्याच्याजवळ. क्लासच्या मॅडमचं ‘आईला सांग हं, अभ्यास होत नाहीये’ हेही मी धरून चालते, कारण क्लासवाल्या तसंच करतात. म्हणजे त्याच्याबद्दल जे जे कुणी बोलतंय, ते सगळं इकडून तिकडे न्यायचं काम त्याचंच. पोस्टमनला निदान पाकिटात काय आहे ते ठाऊक नसतं. इथे चिठ्ठी वहीच्या अर्ध्या पानाची, चार घड्यांची, उघडी. चौथीतलं मूल कितीही अडखळत वाचणारं असो, स्वतःबद्दलची ओळ ते वाचतंच. ‘आपला पाल्य वर्गात लक्ष देत नाही, भेटून जावे.’ व्हॅनमध्ये बसून, अक्षर अक्षर लावून त्याने ते वाचलं असणार. आणि मग डब्याच्या पिशवीखाली, पेन्सिलीच्या भुशात ते सारून ठेवलं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्हीही.

याला तुम्ही खोटेपणा म्हणता. मला तो त्या पोरातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. घरी ही चिठ्ठी पोचली की काय होतं हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि त्याचा अंदाज चुकला नाही हे तुम्ही दाखवून दिलंत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. बाईंना जे करता येत नाही ते बाईंच्या चिठ्ठीवरून घरी होणार असेल, तर त्या मुलाने चिठ्ठी कशाला द्यावी? हात उठण्याबद्दल मी आणखी व्याख्यान देणार नाही. एवढंच करा. परत तसा राग आला आणि घरात बोलायला कुणी नसलं, तर १४४१६ ला फोन लावा. मन मोकळं करायला सरकारने चालवलेली टेली-मानस नावाची ही सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मुलाचं नाव सांगायची गरज नाही. स्वतःसाठी लावा.

‘कुणाचं ऐकू’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण या लोकांनी एकमेकांचं काहीच ऐकलेलं नाही. बाईंनी त्याला चाळीस पोरांत पाहिलंय, क्लासच्या मॅडमनी संध्याकाळी दमलेला पाहिलाय, समुपदेशकांनी एका शांत खोलीत, समोर रंगीत खडू ठेवून पाहिलाय. कुणीच खोटं सांगत नाहीये. पण समुपदेशक आपणहून शाळेत फोन करणार नाहीत, करूही नये, कारण तुमच्या परवानगीशिवाय ते बाहेर सांगायचं नसतं. बाईंना समुपदेशक आहेत हेच मुळात माहीत नसेल. तुम्ही सांगितलंय का? मला वाटतं नाही. सांगितलं असतं तर तो कागद तुम्ही स्वतः नेऊन दिला असता. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे नेतात’ असं शाळेत पसरेल ही भीती समजते मला, पण त्या भीतीपोटी तुम्ही कागद मुलाच्या दप्तरात घातलात, म्हणजे लाज त्याच्या अंगावर टाकलीत.

अंगणवाडीत तक्रार नव्हती असं तुम्ही सहज लिहून गेलात. मूल तेव्हा लहान होतं हे खरं, पण तेवढंच नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ती खाऊ, लसीकरण, तपासणी, पुढे दवाखान्यात पाठवणं, खेळत शिकणं आणि आयांशी बोलणं हे सगळं एका छपराखाली आणायला. वजन घेणारी, लसीच्या दिवशी नर्सबाईंना बोलावणारी, गाणी म्हणवून घेणारी आणि तुमच्या घरात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे ओळखणारी ताई एकच होती. रोज मूल सोडायला गेलात की दारात भेटायची. जे सांगायचं ते ती तुम्हालाच सांगायची, पोराच्या खिशात नाही घालायची. मूल सहा वर्षांचं झालं की ते दार सुटतं. शाळा एका खात्याची, दवाखाना दुसऱ्या, क्लास कुणाचाच नाही. मधला धागा कुणी ठेवत नाही, आणि आपल्याकडे तो गुपचूप मुलाच्या हातात जातो. असं व्हायला नको होतं, सरकारने बघायला हवं, वगैरे सगळं मान्य. पण ते होईपर्यंत तुमचा मुलगा पाचवीत जाईल.

तेव्हा एकच काम सांगते, दुसरं सांगणार नाही. या आठवड्यात एक भेट ठरवा. वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक, तुम्ही आणि मिस्टर. शाळेत, अर्धा तास, मुलाला बाहेरच्या बाकावर न बसवता. तो घरी किंवा मैदानावर. आपल्याबद्दल चार मोठी माणसं आत काय बोलताहेत याचा आवाज त्याने दारातून ऐकायचा नाही. समुपदेशकांना आधी फोन करा, कागदाची दुसरी प्रत घ्या, आणि त्या वेळी त्यांना फोनवर जोडता येईल का ते विचारा. ‘बाईंशी बोला, माझी हरकत नाही’ हे त्यांना लिहून द्या. क्लासच्या मॅडमना बोलवायची गरज नाही, त्यांना नंतर तुम्ही सांगाल.

मिस्टरांच्या ‘तूच बघ’ला या वेळी दाद देऊ नका. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी घरीच असतात, शाळा तेव्हा चालू असते. नसेलच जमत तर दुसऱ्या कुणाशी शिफ्ट बदलून घ्या म्हणावं. लग्नाला बदलतातच की. चिठ्ठ्या नेहमी आईच्याच नावाने येतात आणि मारही आईच देते, अशा घरात बाप अलगद चांगला राहतो, हे मला चालत नाही.

भेटीत बाईंना लक्ष नसतं का असं विचारू नका, ते त्या सांगून झाल्यात. कुठल्या तासाला खिडकीबाहेर बघतो ते विचारा. गणिताला नाही आणि मराठीच्या वाचनाला बघतो, असं निघालं तर ते आळशीपण नाही. डोळे-कान ठीक असून मूल वाचताना अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमता, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, आहे का हे तपासायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, आणि पुढे दहावीला तिच्यासाठी पेपरात जादा वेळ मिळतो. आठ वर्षांच्या आधी तिचं नक्की निदान सहसा करत नाहीत, म्हणजे तुमचं काही फार उशिराचं झालेलं नाही. पण ही तपासणी करणारा कुणीही तज्ज्ञ आधी शाळेचं म्हणणं मागतो, वह्या मागतो, उत्तरपत्रिका मागतो. म्हणजे परत बाईंकडेच यायचं. शाळा अनुदानित आहे, तर वर्षातून एकदा डॉक्टरांची टीम येत असेल, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. त्यांनी याच्याबद्दल काही लिहिलंय का, आणि पुढे त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला पाठवायचं का, हे मुख्याध्यापकांनाच विचारा.

आणि उठताना बाईंना सांगा की यापुढे काहीही असलं तरी फोन मला किंवा याच्या बाबांना करा, त्याच्याजवळ चिठ्ठी देऊ नका. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे पन्नास आया वाचायला बसलेल्या असतात. शाळेतून घरी काही लिहून यायचंच असेल, तर त्याने काय चांगलं केलं ते यावं. बाई हसतील. हसू दे.

घरी गेल्यावर पहिलं काम: त्याला त्या कागदाचं काय केलंस म्हणून विचारायचं नाही. ‘शाळेत मी आणि बाबा जाऊन आलो, आता चिठ्ठ्या तू आणायच्या नाहीस’ एवढं बाबांनी सांगायचं. सासूबाईंनाही तेवढंच सांगा, आणि जमलं तर दुपारी तो त्यांना काय काय सांगतो ते एकदा शांतपणे ऐकून घ्या. रोजची दुपार त्या त्याच्याजवळ असतात आणि आजवर त्यांना कुणी काही विचारलेलं दिसत नाही. त्यांना काहीतरी माहीत असणार.

भेट झाली की कळवा. गंगापूर रोडच्या मॅडमचं मग बघू.