हातउसने पैसे आणि पौलाची अट

"ताई, पौलानं कोर्टाची वाटच बंद केलीय. मग माझे पैसे बुडाले समजायचे का?" खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका सलाम करून बसले आणि बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ६ वा अध्याय उघडून माझ्यापुढे सरकवला. चर्चच्या मंडळीतल्याच एका तरुणाला टेंपोसाठी १,८०,००० रुपये हातउसने दिलेले. अडीच वर्षं झाली. कागद नाही, पासबुकातली एक नोंद तेवढी. काकांनी प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेणंही सोडलं होतं. (दोघांना विचारूनच लिहितेय, काही तपशील बदललेत.)

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. आपसांतली फिर्याद बाहेर नेऊ नका म्हणणारा पौल तिथेच विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? ते वाचायचं राहून जातं. मारहाण, अत्याचार मात्र मंडळीत मिटवायचे नसतात. तिथे आधी पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर दडवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं गुन्हाच आहे.

"किती जणांना सांगितलंत?"

काका बोटांवर मोजू लागले. पाळकसाहेब, सेक्रेटरी, गायनमंडळातले दोघं, व्याही.

"आणि त्याला?"

"उपासनेनंतर चहाला म्हटलं होतं, टेंपो जोरात पळतोय म्हणे!"

"सगळ्यांसमोर?"

काका गप्प.

भावानं अपराध केला तर काय करायचं, हे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:१५ पासून) पायरीपायरीनं सांगतो. पहिली पायरी एकांतातली आहे. काका त्याच्या घरी गेले. चहा मिळाला, पैशांचं काही नाही. पुढची पायरी एकदोघांना बरोबर नेण्याची. तिथे मी अडून बसले, की एक जण तरी त्याच्या विश्वासातला हवा. त्याच्या संडे स्कूलच्या बाई आल्या. त्यांनी नुसतं "बोल रे" म्हटलं.

"टेंपो चार महिने कात्रजला गॅरेजात पडून होता, काका. सांगायला येणारच होतो. तुम्ही बायकोसमोर टोमणा मारलात."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

महिना ५,००० ठरले, ३६ हप्ते. सही मागणं काकांना अविश्वासाचं वाटत होतं. मी ऐकलं नाही. उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी देणेकऱ्यानं सहीनिशी कर्ज कबूल केलं तर नव्यानं मोजली जाते. कागद झाला, बाईंनी साक्षीची सही केली.

तीन हप्ते वेळेवर आले. चौथ्याला आठ दिवस उशीर झाला, पण त्यानं आधी फोन केला होता, हे काकांनी मुद्दाम कळवलं. बसतात अजून वेगवेगळ्या बाकांवर.